इंग्लंडमधली होम केअर: घरी येणारी माणसं आणि त्यांच्या कामाचा हिशेब

सासऱ्यांना स्ट्रोक आल्यापासून लेस्टरजवळच्या आमच्या घरी दिवसातून चार वेळा केअरर येतात. सकाळी अंघोळ आणि कपडे, दुपारी जेवण, संध्याकाळी औषधं, रात्री अंथरुणावर नीट झोपवणं. याला इथे होम केअर म्हणतात, कागदोपत्री डोमिसिलरी केअर. इंग्लंडात आई-वडील किंवा सासू-सासरे म्हातारे होत असलेल्या मराठी घरांना आज ना उद्या ही सेवा लागणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही दोन एजन्सी पाहिल्या. पहिली सोडली, दुसरी चालू आहे. दोन्हींची नावं देत नाही. पहिलीत जे बिघडलं ते तिच्या एकटीचं नव्हतं, आणि दुसरी चांगली आहे ती मुख्यतः तिथे टिकून राहिलेल्या काही माणसांमुळे. केअररांचीही नावं लिहीत नाही, कारण त्यांचा या देशातला मुक्काम मालकाच्या स्पॉन्सरशिपवर, म्हणजे मालकाने व्हिसासाठी घेतलेल्या जबाबदारीवर, अवलंबून असतो. झिंबाब्वेच्या बाई आणि केरळचा मुलगा, एवढी ओळख पुरे.

माझं मत आधीच सांगते. दारातून आत येणारी माणसं पाचपैकी पाच. त्यांना ज्या पद्धतीने राबवलं जातं ती व्यवस्था पाचपैकी दोन. सेवा घ्यावी का? घ्यावी. पण ती कशावर उभी आहे हे माहीत असू द्यावं.

आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, स्वतः डॉक्टर. १९७२ साली मिरजेहून इथे आले, तेव्हा नॅशनल हेल्थ सर्व्हिसला हॉस्पिटलं चालवायला माणसं मिळत नव्हती. सर्जरी, कार्डिऑलॉजी अशा मानाच्या शाखांत परदेशी डॉक्टरला सहसा जागा मिळायची नाही. इंग्लिश डॉक्टरांना नको असलेल्या शाखा मिळायच्या, त्यातली एक जेरियाट्रिक्स, म्हणजे वृद्धांचे आजार. दक्षिण आशियातून आलेल्या डॉक्टरांनी त्या काळात ती शाखा अक्षरशः उभी केली. अप्पा त्यांतलेच एक. लेस्टरशायरमधल्या कितीतरी आजी-आजोबांना स्ट्रोकनंतर पुन्हा उभं करण्यात त्यांची नोकरी गेली. आता ते स्वतः त्या खाटेवर आहेत आणि त्यांना उभं करायला दुसऱ्या देशातून आलेली माणसं येतात. हे ते फार शांतपणे स्वीकारतात. मला मात्र त्याचा विचार केल्याशिवाय राहवत नाही.

ते आले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २८,००० लोक ब्रिटनमध्ये आले. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरातच दिली होती की शहरात घरं, शाळा, दवाखाने भरलेले आहेत, तुमच्या भल्यासाठी इथे येऊ नका. तरी लोक आले. पुढे होजियरीचे आणि बुटांचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले, आणि शहराचा बेलग्रेव्ह रोड याच लोकांच्या दुकानांनी जिवंत ठेवला. जाहिरातीत मांडलेली अडचण खोटी नव्हती. शाळा आणि घरं खरंच अपुरी होती. पण येणारा माणूस जागा व्यापतो तसा कामही करतो, दुकानही काढतो, हे त्या जाहिरातीच्या हिशेबात नव्हतं.

आता सेवेकडे येते.

हॉस्पिटलने अप्पांना 'मेडिकली फिट' ठरवलं, पण घरी सोडलं नाही, कारण घरी येणारी केअर ठरलेली नव्हती. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडकलेलं, आणि उचलायला दोन माणसं लागतात म्हणून 'डबल-अप', म्हणजे दर वेळी दोन केअरर. त्यासाठी माणसं मिळेनात. उपचार संपलेला माणूस वॉर्डात पडून, आणि खाली इमर्जन्सीत नवे पेशंट ट्रॉलीवर. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांच्या रांगा का वाढतात याचं एक मोठं कारण हेच आहे, आणि त्याचा उगम हॉस्पिटलच्या बाहेर आहे. २०२१-२२ मध्ये इंग्लंडच्या प्रौढांच्या केअर क्षेत्रात १,६५,००० जागा रिकाम्या होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने केअररना हेल्थ अँड केअर व्हिसा खुला केला. नायजेरिया, भारत, झिंबाब्वे या देशांतून माणसं आली. २०२३ या एका वर्षात या व्हिसावर मुख्य अर्जदार म्हणून सुमारे १,४६,००० जणांना परवानगी मिळाली, डॉक्टर-नर्स धरून. केअरमधल्या रिकाम्या जागा २०२३-२४ मध्ये १,३१,००० वर आल्या आणि पुढच्या वर्षी १,११,००० वर. परदेशी मजूर आल्याने देशाला काय मिळतं, याचं मी पाहिलेलं सगळ्यात सरळ उत्तर म्हणजे अप्पांची रिकामी झालेली हॉस्पिटलमधली खाट.

सुरुवातीचे सहा आठवडे रीएबलमेंट, म्हणजे माणसाला पुन्हा स्वतःचं स्वतः करता यावं यासाठीची मदत, म्हणून फुकट मिळू शकतात, ते आवर्जून मागा. आपणहून सांगतीलच असं नाही.

त्यानंतर पहिली एजन्सी आली. कागदावर सकाळची व्हिजिट पंचेचाळीस मिनिटांची. प्रत्यक्षात केअरर धावत यायचे, घड्याळ बघत काम करायचे आणि अर्ध्या तासात निघायचे. रोज नवे चेहरे. रोज मी नव्याने सांगायचं की उजवा खांदा ओढायचा नाही, पाण्यात थिकनर (पाणी दाट करायची पावडर) घातल्याशिवाय घोट द्यायचा नाही, नाहीतर पाणी फुप्फुसात जाईल. अप्पा हे सगळं ऐकायचे. ज्यांनी आयुष्यभर हेच दुसऱ्यांना शिकवलं त्यांना बोलता येत नसल्याने गप्प बसावं लागायचं. मला केअररांचा राग यायचा. पण मी पेरोलमध्ये काम करते. एकदा त्यांतल्या एकीने चहा घेता घेता फोनवर आपला रोटा (कामाचं वेळापत्रक) आणि पगाराची स्लिप दाखवली, आणि राग कुठे करायचा ते कळलं.

सकाळी साडेसहाला घर सोडायचं, रात्री दहाला परत. मधल्या साडेपंधरा तासांत पगाराचे तास जेमतेम आठ, कारण फक्त घरात घालवलेली मिनिटं मोजलेली. एका घरून दुसऱ्या घरी गाडी चालवण्याचा वेळ कुठेच नाही. नियम स्पष्ट आहे: दोन भेटींमधला प्रवास हा किमान वेतनासाठी कामाचाच वेळ धरायचा. तो न धरता तासाचा दर बरोबर दाखवता येतो, आणि दिवसाला वाटलं तर तो किमान वेतनाच्या खाली जातो. म्हणजे आमच्या घरून पंधरा मिनिटं आधी निघणारी बाई आमची मिनिटं चोरत नव्हती. तिची मिनिटं आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतली होती.

असं असताना ती सोडून का जात नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. ती सोडू शकत नाही. व्हिसा त्या मालकाच्या नावावर. त्या मालकाकडची नोकरी सुटली तर साधारण साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. त्यात अनेकांनी इथली नोकरी मिळवण्यासाठी मधल्या एजंटांना हजारो पौंड दिलेले असतात. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं ब्रिटनच्या कायद्यात बसत नाही, पण ते पैसे बहुतेक वेळा ब्रिटनच्या बाहेर हातात पडतात. घरी कर्ज, इथे मालक. असा माणूस तक्रार कुणाकडे करणार?

इथे लेस्टरचीच एक जुनी गोष्ट मला आठवते. १९७४ मध्ये इम्पीरियल टाइपरायटर्सच्या कारखान्यातले आशियाई कामगार बोनस आणि समान वागणुकीसाठी संपावर गेले. युनियननेसुद्धा त्यांना साथ दिली नाही. पुढच्या वर्षी कारखाना बंद झाला. तरी ते गेटबाहेर उभे राहू शकले, कारण नोकरी गेली म्हणून त्यांना देशाबाहेर काढता येत नव्हतं. आजच्या केअररला तेवढंही स्वातंत्र्य नाही. 'परदेशी मजूर आले की पगार पडतात' असं सरसकट बोललं जातं. मला वाटतं आधी हे बघावं की त्या मजुराला मालक बदलता येतो का. ज्याला येतो, तो चांगल्या पगाराकडे जातो. ज्याला येत नाही, त्याच्या नावावर पगार दाबून ठेवता येतो, त्याचाही आणि त्याच्या शेजारी काम करणाऱ्या ब्रिटिश बाईचाही.

आमच्या पहिल्या एजन्सीचं स्पॉन्सर लायसन्स पुढे रद्द झालं. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातली ४७० हून जास्त लायसन्स रद्द झाली आणि त्या मालकांशी ३९,००० हून जास्त कामगार जोडलेले होते, असं सरकारनेच जाहीर केलं. गैरप्रकार करणाऱ्याचं लायसन्स जायलाच हवं. पण शिक्षा मालकाला आणि साठ दिवसांची घंटा कामगाराला, ही रीत मला अजूनही पटत नाही. एप्रिल २०२५ पासून नियम आला की परदेशातून नवा माणूस आणण्याआधी अशा अडकलेल्या केअररांना प्राधान्य द्यायचं. तो चांगला नियम होता, उशिरा आला.

झिंबाब्वेच्या बाई अशाच अडकलेल्यांपैकी. त्या आमच्या दुसऱ्या एजन्सीत आल्या आणि त्यांच्यामुळे ही सेवा काय असू शकते ते आम्हाला दिसलं.

त्या बुलावायोला शाळेत गणित शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी केअर प्लॅन उभ्याने न चाळता खुर्चीवर बसून पूर्ण वाचला, मग अप्पांच्या डोळ्यांसमोर येऊन, त्यांच्या पातळीवर वाकून विचारलं, "डॉक्टर, आज आपण कुठून सुरुवात करू?" उत्तर यायला बराच वेळ लागला, तेवढा वेळ त्या थांबल्या. अप्पांनी डाव्या हाताने चेहऱ्याकडे बोट केलं. आधी दाढी. तेव्हापासून आधी दाढी.

स्ट्रोकनंतर अप्पांचं इंग्रजी जवळजवळ गेलं, थोडं मराठी राहिलं. मी फ्रिजवर एक कागद लावला होता: पाणी, दुखतंय, थांबा, पुरे, थंडी. बाईंनी तो वहीत उतरवून घेतला आणि आता डबल-अपला येणाऱ्या नव्या माणसाला त्याच शिकवतात. होइस्टचा, म्हणजे माणसाला उचलायच्या यंत्राचा, पट्टा लावताना त्या प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगतात. माणूस हवेत उचलला जातो तेव्हा त्याला किती भीती वाटते हे मी एकदा स्वतः त्यात बसून पाहिलं, त्यामुळे या सांगण्याची किंमत मला कळते.

केरळचा मुलगा बीएस्सी नर्सिंग झालेला. इथे नर्स म्हणून नोंदणी व्हायला परीक्षा, पैसे आणि वेळ लागतो, तोवर केअररचं काम. एका सकाळी मोजे चढवताना त्याने टाचेवर लालसर चट्टा पाहिला, बोटाने दाबला तरी लाली जाईना. त्याने लगेच फोटो काढून ऑफिसला कळवलं, डिस्ट्रिक्ट नर्सला (घरी येणाऱ्या नर्सला) बोलावून घेतलं, टाच अधांतरी राहील अशी उशी लावून दिली. बेडसोअर चिघळायच्या आत थांबला. तो चिघळला असता तर महिनोन्‌महिने ड्रेसिंग, कदाचित पुन्हा हॉस्पिटल. केअररचं काम 'अकुशल' या खात्यात टाकणाऱ्यांनी ती सकाळ पाहायला हवी होती.

या दोघांच्या संसारांत एका नियमाने फरक पाडला आहे. मुलगा २०२२ मध्ये आला, त्यामुळे त्याला बायको आणि लेक आणता आली. बायको एका शाळेच्या किचनमध्ये काम करते, लेक त्याच शाळेत जाते, तिघं भाड्याच्या घरात राहतात, रविवारी चर्चला जातात, तो उन्हाळ्यात इथल्या क्लबात क्रिकेट खेळतो. त्याच्या पगारातला बराचसा पैसा इथेच खर्च होतो. बाई ११ मार्च २०२४ नंतर आल्या. त्या तारखेपासून केअररना नवरा-मुलं आणायची बंदी. त्यांची दोन मुलं बुलावायोत आजीकडे. त्या एका घरात खोली भाड्याने घेऊन राहतात, कुठेही जात नाहीत, उरलेला पैसा घरी पाठवतात. शेजाऱ्यांना त्या फारशा माहीतही नाहीत. परदेशी लोक समाजात मिसळत नाहीत अशी ओरड करणाऱ्यांनी हे दोन संसार शेजारी ठेवून पाहावेत. घर सोबत असलं की माणूस शाळेच्या फाटकाशी उभा राहतो, ओळखी होतात. एकट्याने आणलेला माणूस फक्त काम करतो.

आता पैशांचं, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्याला ते हवं असतं, आणि माझं कामच ते आहे. आकडे २०२५-२६ चे.

आमची एजन्सी दर केअररमागे तासाला २८ पौंड घेते. ऐकायला खूप वाटतं. स्पॉन्सर केलेल्या केअररला नवीन नियमाने वर्षाला किमान २५,००० पौंड द्यावे लागतात, तासाला १२.८२. त्या वर्षी सर्वसाधारण किमान वेतन १२.२१. उरलेल्यात मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावर सरकारला द्यायची वर्गणी), प्रवासाचा वेळ, पेट्रोल, सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण, ऑफिस. कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, खर्चाने केअर घेणाऱ्यांसाठी एजन्सीला मिळणारा दर बऱ्याच ठिकाणी याहून कमी असतो, आणि या क्षेत्राची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक कौन्सिलच असते. म्हणजे केअररचा पगार शेवटी सरकारी तिजोरीच ठरवते.

आता २५,००० पौंडांवर काय कापलं जातं ते पाहा. १२,५७० पौंड करमुक्त. उरलेल्या १२,४३० वर २० टक्के आयकर, म्हणजे २,४८६. त्यावरच ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स, सुमारे ९९४. मालकाचा नॅशनल इन्शुरन्स ५,००० च्या वर १५ टक्के, म्हणजे ३,०००. सगळे मिळून वर्षाला जवळपास ६,४८० पौंड एका केअररच्या पगारापोटी सरकारकडे जातात. बदल्यात तिला युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी भत्ता) नाही, चाइल्ड बेनिफिट नाही. व्हिसावरच लिहिलेलं असतं: नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी भत्त्यांवर हक्क नाही. तिच्या शाळेचा, शिक्षक होण्याचा, बाळंतपणांचा खर्च झिंबाब्वेने केला.

दुसरी बाजू मला माहीत आहे, आणि ती मी टाळणार नाही. सरकारी जमाखर्चाचे अंदाज मांडणाऱ्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीने सप्टेंबर २०२४ मध्ये आयुष्यभराचा हिशेब मांडला. सरासरी पगारावर येणारा स्थलांतरित सरकारला फायद्याचा, अगदी इथे जन्मलेल्या सरासरी माणसापेक्षाही, कारण त्याच्या बालपणाचा खर्च या देशाला करावा लागत नाही. पण सरासरीच्या निम्म्या पगारावर आलेला माणूस इथेच म्हातारा झाला तर तो भरतो त्याहून जास्त त्याच्यावर खर्च होतो. या हिशेबाच्या आधाराने केअररना 'बोजा' म्हटलं जातं.

माझी यावर जी हरकत आहे, ती एक हिशेबनीस म्हणून आहे. बाई आल्या म्हणून अप्पांची खाट रिकामी झाली, त्या खाटेवर दुसरा पेशंट गेला. हा फायदा हॉस्पिटलच्या खात्यात पडला. बाई आल्या म्हणून मी पूर्णवेळ कामावर परत गेले, माझा कर वाढला. तो माझ्या नावावर पडला. अमेरिकेत कोर्टेस आणि तेसादा या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की कमी पगारावरचे स्थलांतरित जास्त असलेल्या शहरांत उच्च पगाराच्या स्त्रिया कामाला जास्त तास देऊ शकतात. माझ्या बाबतीत ते तंतोतंत घडलं. यातलं काहीच बाईंच्या नावावर जमा होत नाही. त्यांच्या नावावर फक्त त्यांचा पगार. आणि तो पगार कमी आहे कारण सरकार केअरला कमी पैसे देतं. आधी पगार कमी ठेवायचा, आणि मग तू कमी कमावतेस म्हणून आम्हाला परवडत नाहीस असं तिलाच सांगायचं, हा अन्याय आहे. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

आमचे शेजारी इंग्लिश आहेत, होजियरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. अप्पांच्या डबल-अपची गाडी त्यांच्या दारासमोर लागते, त्यावरून बोलणं सुरू झालं. जीपीची (घरच्या डॉक्टरची) वेळ मिळत नाही, नातवाला भाड्याने खोली परवडत नाही, असं ते म्हणाले. मी त्यांना खोडून काढलं नाही. माणसं वाढली आणि घरं बांधली नाहीत तर भाडी वाढणारच, आणि ती झळ भाड्याने राहणाऱ्याला लागते, स्वतःच्या घरात राहणाऱ्या माझ्यासारखीला नाही. स्थलांतराचा फायदा आणि त्रास एकाच घरात जात नाहीत. त्यांनीच पुढे सांगितलं की त्यांची मुलगी बरीच वर्षं केअरमध्ये होती, मग सुपरमार्केटमध्ये गेली. तिथे पगार थोडा जास्त, कुणाला उचलायचं नाही आणि दोन पाळ्यांमध्ये फुकट गाडी चालवायची नाही. मायग्रेशन अ‍ॅडव्हायझरी कमिटीने, म्हणजे स्थलांतरावर सरकारला सल्ला देणाऱ्या समितीने, एप्रिल २०२२ मध्ये नेमकं हेच सांगितलं होतं: केअरची टंचाई मुळात पगाराची आहे, नुसत्या व्हिसाने ती सुटणार नाही, सरकारी पैशांतल्या केअरला किमान वेतनापेक्षा निदान एक पौंड जास्त द्या. सरकारने व्हिसा दिला, पौंड दिला नाही. शेजाऱ्यांची मुलगी आणि आमच्या बाई या एकमेकींच्या स्पर्धक नाहीत. एकीने जे काम नाकारलं तेच दुसरीला नाकारता येत नाही.

एजन्सी निवडताना मी आता काय विचारते ते सांगते. केअर सेवांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनचा रिपोर्ट वाचाच, पण 'गुड' हा शिक्का बघून थांबू नका. 'वेल-लेड', म्हणजे कारभार कसा चालतो, या भागात कर्मचारी किती टिकतात, त्यांचं म्हणणं ऐकलं जातं का, हे लिहिलेलं असतं. मॅनेजरला सरळ विचारा: प्रवासाच्या वेळेचे पैसे देता का? आठवड्यात किती वेगवेगळे केअरर येतील? रोटा आदल्या आठवड्यात मिळेल का? पहिल्या प्रश्नाला जी मॅनेजर अडखळते तिच्याकडे पंचेचाळीस मिनिटांची व्हिजिट अर्ध्या तासाचीच होणार. आमच्या आताच्या एजन्सीने रोटाची छापील प्रत समोर ठेवली, त्यात दोन व्हिजिटांमधला प्रवास वेगळा दाखवला होता. तिथेच मी होकार दिला.

पैशांच्या मदतीत दोन गोष्टी लोक सोडून देतात. अटेंडन्स अलाउन्स हा मदतीची गरज असलेल्या वृद्धांचा सरकारी भत्ता उत्पन्न न बघता मिळतो, २०२५-२६ मध्ये तो आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड होता. आणि कौन्सिलची मदत २३,२५० पौंडांपेक्षा जास्त बचत असेल तर मिळत नाही, पण घरीच केअर घेणाऱ्याच्या राहत्या घराची किंमत त्यात धरत नाहीत. ही मर्यादा २०१० पासून हललेली नाही. घरात सांभाळ करणाऱ्या सुनेला, मुलीला, मुलाला स्वतःचं वेगळं केअरर असेसमेंट मागण्याचा हक्क २०१४ च्या केअर अ‍ॅक्टने दिला आहे. मागून घ्या.

त्रुटीही सांगायला हव्यात. रविवारी संध्याकाळची वेळ सांभाळली जात नाही. डबल-अपमधली दुसरी व्यक्ती उशिरा आली तर पहिली होइस्ट वापरू शकत नाही, अप्पा तेवढा वेळ खुर्चीतच. अ‍ॅपमध्ये नोंदी होतात, पण घरच्यांना दिसणारा भाग त्रोटक आहे, म्हणून आम्ही कागदी वहीही ठेवली. आणि की सेफचा, म्हणजे दाराबाहेर किल्ली ठेवायच्या आकड्याच्या पेटीचा, आकडा कर्मचारी बदलला की बदला, हे एजन्सी सांगत नाही.

पुढची काळजी मोठी आहे. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवा केअरर आणणं बंद झालं. आधीच देशात असलेल्यांना या व्हिसावर यायची सोय जुलै २०२८ पर्यंत ठेवली आहे. त्याच सुमारास केअर क्षेत्राच्या पगाराचा करार म्हणून फेअर पे अ‍ॅग्रीमेंट आणायचं सरकारने जाहीर केलं आहे. क्रम उलटा झाला. आधी पगार वाढवून इथली माणसं परत आणायची आणि मग दार बंद करायचं, हे जमलं असतं. हेल्थ अँड केअर व्हिसा २०२४ मध्येच २७,००० वर घसरले होते. मी मॅनेजरला विचारलं की तुमचं काय ठरलंय. तिने सांगितलं, स्थानिक जाहिरातीला अर्ज येतात, त्यांतले बरेचसे इंटरव्ह्यूला येत नाहीत, आणि येतात त्यांच्याकडे गाडी नसते. केरळच्या मुलाची नर्सिंगची परीक्षा झाली की तो हॉस्पिटलात जाणार. जावंच त्याने. त्याची जागा कोण घेणार हे मॅनेजरला सांगता आलं नाही.

म्हणून ज्यांच्या घरी पुढच्या दोन-तीन वर्षांत गरज पडेल असं वाटतं त्यांनी एजन्सीशी आत्ताच बोलून ठेवा, वेटिंग लिस्टवर नाव घाला, हॉस्पिटलमधून फोन येईपर्यंत थांबू नका. आणि केअरर पहिल्यांदा येतील तो आठवडा घरात कुणीतरी राहा, काय करायचं ते एकदा नीट दाखवा, मग त्यांना त्यांचं काम करू द्या.